चुकलेली फुली

पाणीपुरवठा खात्यात त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. ते नाव पगारपत्रकापुरतं होतं, बाकी सगळ्यांसाठी तो कानसेन. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जमिनीखाली गाडलेल्या पाइपातून पाणी नेमकं कुठे गळतंय, हे वर रस्त्यावर उभं राहून कानानं ओळखायचं, हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्याजवळ छातीइतक्या उंचीची एक लोखंडी सळई होती आणि सळईच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक व्हॉल्व्हवर, पाइपवर नाहीतर सरळ रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. गळकं पाणी गप्प बसत नाही. बारीक भोकातून दाबानं निघालं तर ते फुसफुसतं, मोठ्या चिरेतून निघालं तर घुमतं. कानसेन पाच-दहा मिनिटं ऐकायचा, खडूनं रस्त्यावर फुली मारायचा आणि म्हणायचा, "खणा." गळती फुलीखाली वीतभर इकडेतिकडे सापडायची. अठ्ठावीस वर्षं हे असं चाललं होतं. त्याला त्याचा माज होता, आणि खोटं कशाला बोला, तो माज त्याला शोभायचाही.

अडचण एवढीच, की गेली चार वर्षं कानसेनला ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात गेलं असतं तर निदान आरडाओरडा झाला असता. पण ते हप्त्याहप्त्यानं गेलं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, मग हळूहळू माणसंच पुटपुटायला लागली. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात का बोलतात, म्हणून कानसेन वैतागायचा. सगळ्या गावाला एकदमच ही खोड कशी लागली, हा प्रश्न त्याला फार उशिरा पडला, आणि पडला तेव्हा त्यानं तो कुणालाही विचारला नाही.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे खात्याला कळणं, आणि खात्याला कळणं म्हणजे सळई हातातून जाणं. म्हणून त्यानं एक युक्ती काढली. समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं, की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो." माणसाला 'हो' ऐकलं की बरं वाटतं, तो पुन्हा काही विचारत नाही. या एका 'हो'पायी घरातली पुढची खोली वांग्याच्या रंगाची झाली, मेव्हणा दोन महिने राहून गेला, आणि चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड बदलीच्या गावी गेलं तेव्हा त्यांची मांजर कानसेनच्या दारात बसलेली निघाली. यातलं काय कधी ठरलं, याचा त्याला पत्ता नव्हता.

मग चार वर्षं गळत्या सापडत होत्या कशा? तर डोक्यानं. कुठला पाइप कधी टाकला, कुठल्या सांध्याला मागे कुणी घाईघाईत जोड दिला, कुठल्या भिंतीला उन्हातही शेवाळ धरतं, हे सगळं त्याला पाठ होतं. सळई कानाला लावून तो डोळे मिटायचा, आणि ऐकण्याऐवजी आठवायचा. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं. दहावी वेळ गेल्या महिन्यात आली. फुलीखाली पाच फूट खणलं आणि आत पापडासारखी कोरडी माती. कानसेनचा कोरडा खड्डा बघायला अख्खं ऑफिस चहा सोडून आलं. खणणाऱ्यांच्या मुकादमानं तर खड्ड्यात उभं राहून फोटो काढून घेतला.

खात्यात नवीन इंजिनीयर आली होती. वयानं कानसेनच्या मुलीएवढी, पण तिला सगळे बाईसाहेब म्हणत. तिला प्रत्येक गोष्ट लिहून द्यायची सवय होती, आणि कानसेनला तिची तीच एक गोष्ट आवडायची. तिनं चिठ्ठी दिली: 'काका, एक खड्डा चुकू शकतो. दुसरा चुकला, तर तुम्हाला तक्रारीच्या खिडकीवर बसवावं लागेल.'

तक्रारीची खिडकी म्हणजे काच, काचेला बशीएवढं भोक, आणि त्या भोकातून दिवसभर बोलणारी माणसं. तिथे 'हो' म्हणून चालणार नव्हतं. 'आमच्याकडे पाणी नाही' याला 'हो' म्हटलं तर एक वेळ खपेल, पण 'तुम्हाला लाज नाही का' यालाही तेच म्हटलं तर पहिल्याच दिवशी बिंग फुटणार.

अशात टेकडीवरच्या दवाखान्याचं पाणी कमी झालं. तिथे मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त यंत्रावर धुऊन देतात. त्या कामाला पाणी किती लागतं, याची कुणाला कल्पना नसते. एका माणसाच्या एका खेपेला शंभर लिटरच्या वर जातं, आणि खेपा आठवड्यातून दोन-तीन. टेकडीवर पाच यंत्रं होती आणि पाणी येत होतं दोघांपुरतं. उरलेलं खालच्या गल्लीत, बेकरीपासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत, चारशे पावलांत कुठेतरी जमिनीत मुरत होतं. तो पाइप जुना बिडाचा. खणायचं तर आधी त्याचं पाणी बंद करावं लागणार, म्हणजे दवाखान्यातली चालू असलेली दोन यंत्रंही बंद. एक खड्डा म्हणजे निम्मा दिवस. दुसऱ्या खड्ड्याला वेळच नव्हता.

शनिवारी दुपारी कानसेन गल्लीत गेला. बारा ठिकाणी सळई लावली, बाराही ठिकाणी डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही. शेवटी त्यानं आठवलं. शिंप्याच्या दुकानासमोर अकरा वर्षांपूर्वी एक सांधा बसवला होता आणि तो बसवणारा माणूस त्या दिवशी चार वेळा घड्याळ बघत होता. कानसेननं तिथे फुली मारली. तेवढ्यात दवाखान्याची सिस्टर उतारावरून आली. हातात वही होती. तिनं बराच वेळ काहीतरी विचारलं, बोटांनी काहीतरी मोजून दाखवलं. तिचं तोंड हलायचं थांबलं तसा कानसेन प्रसन्न हसला आणि म्हणाला, "हो हो." सिस्टरचा चेहरा असा उजळला, की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी घरी फोन आला. बायकोनं घेतला, बोलली, ठेवला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. हजारभर लोकांना नुसत्या खोकण्यावरून ओळखायची. तिचा आवाज मूळचा मऊ, पण आता ती जुन्या ट्रंक कॉलला लावायची तो आवाज लावून बोलली.

"दवाखान्याच्या सिस्टरचा फोन होता. तुम्ही म्हणालात ना, उद्या दहापर्यंत पाचही यंत्रांना पाणी येईल, म्हणून तिनं सहा जणांना बोलावलंय. लांबलांबचे आहेत. दोघांची खेप दोनदा चुकलीय. खात्री करून घेत होती."

कानसेनच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "मी म्हणालो?"

"तुम्हीच. 'हो हो' म्हणालात म्हणे. दोनदा."

"मग येईल पाणी. फुली मारलीय."

"ऐकलंत का तुम्ही?"

"अठ्ठावीस वर्षं—"

"ते नाही विचारलं. आज ऐकलंत का?"

"हो," कानसेन म्हणाला.

बायको त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "पंधरा दिवसांपूर्वी मी तुमच्यासमोर उभी राहून हळूच म्हणाले, मला दुसरं लग्न करायचंय. तुम्ही म्हणालात, 'हो, बघू या.' मला चार वर्षं माहितीय. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आता ते सहा लोक येणार आहेत, म्हणून थांबता येत नाही."

त्याला राग आला. आपलं गुपित दुसऱ्याला आधीपासून माहीत होतं, याइतका मानभंग दुसरा नाही. चार वर्षं आपण जीव मुठीत धरून लपवत होतो ते काय होतं मग? तो म्हणाला, "मला पाइप ऐकू येतो. माणसं येत नाहीत." हे त्याला स्वतःलाही पटलं नाही. बायको उठली आणि पहाटेचा गजर लावला.

पहाटे पाचला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिनं सळई हातात घेतली, वाटी कानाला लावली, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. हा चेहरा कानसेननं तिच्या नोकरीच्या दिवसांत एकदाच पाहिला होता, एक्स्चेंजमध्ये डबा द्यायला गेला होता तेव्हा. समोरचं माणूस तिला दिसत नव्हतं आणि दोनशे मैलांवरचं दिसत होतं.

शिंप्याच्या दुकानासमोर, फुलीवर, ती थोडाच वेळ थांबली, मग कानसेनच्या कानाशी आली. "इथे काही नाही. आत कुणीतरी घोरतंय."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. घोरणारा कुशीवर वळला."

ती वर चढत गेली. न्हाव्याच्या दुकानासमोर थांबली. दोन पावलं पुढे गेली, एक मागे आली. मग डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली, की कानसेनला वाटलं उभ्याउभ्या झोपली.

"इथे," ती म्हणाली. "लाइनवर कधी कधी कुणीतरी असायचं आणि बोलायचं नाही. नुसता श्वास यायचा. तसं आहे."

कानसेननं सळई तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. वाटी कानाला लावली, दुसऱ्या कानात बोट घातलं, श्वास रोखला. पायाखाली पाणी वाहतंय, बोलतंय, अठ्ठावीस वर्षं आपल्याशी बोलत आलेलं पाणी, आणि आपल्या कानात नुसता कापूस. त्याला रडू आलं. ते त्यानं खोकून दडवलं.

बायकोनं तिथे खडूनं फुली मारली. त्याची फुली ऐटबाज असायची, तिची मुलांच्या वहीतल्या चुकीच्या गणितावर असते तशी होती. "चहा आणते," म्हणून ती बेकरीकडे उतरली.

कानसेन त्या फुलीकडे बघत राहिला. एका तासात ही बाई मला शिकवणार? तिला काय ठाऊक न्हाव्याच्या मोरीचं पाणी कुठून जातं, शेजारच्या फ्रिजचा आवाज कसा येतो? हे सगळे प्रश्न रास्त होते. म्हणूनच त्यांच्या आड लपायला सोयीचे होते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पायातल्या बुटानं ती फुली पुसून टाकली. मग खाली येऊन आपल्या फुलीजवळ उभा राहिला. आपण फार वाईट काही केलं असं त्याला वाटलं नाही, पण चैनही पडेना.

सहाला बाईसाहेब आली. मागून मुकादम आणि तीन खणणारे. मुकादमानं मोबाइल आधीच हातात ठेवला होता. फुली बघून बाईसाहेबनं मान हलवली आणि वर निरोप पाठवला, पाणी बंद करा.

आणि तेव्हाच रिक्षा आल्या. एक, दोन, मग तिसरी. सिस्टरनं बोलावलेली माणसं. खणायच्या सामानामुळे रिक्षा पुढे जाईनात, आणि दवाखान्याची चढण त्यांना एका दमात जमेना, म्हणून ती शिंप्याच्या ओट्यावर बसत बसत चालली होती. एका बाईच्या पायाला इतकी सूज होती, की चपला हातात होत्या. एक म्हातारा ओट्यावर बसला, ओठांवरून जीभ फिरवली आणि कानसेनकडे बघून काहीतरी बोलला.

"हो," कानसेन म्हणाला.

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. चहाचे पेले घेऊन बायको आली होती, ती कानसेनच्या कानाशी वाकली. "त्यांना दिवसाला दोनच पेले पाणी प्यायची परवानगी आहे. ते विचारत होते, आज रक्त धुऊन होईल ना नक्की, मग घरी जाऊन एक पेला जास्त पिऊ का. तुम्ही 'हो' म्हणालात."

मग तिनं चढाकडे पाहिलं. न्हाव्याच्या दुकानासमोर फुली नव्हती. तिनं चहाचा पेला त्याच्या हातात दिला. बोलली असती तर कानसेननं भांडण काढलं असतं, आणि कदाचित त्या भांडणात ती सकाळ निघून गेली असती.

मुकादमानं कुदळ उचलायची खूण केली. कानसेन पुढे झाला आणि आपल्याच फुलीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.

मुकादम काहीतरी म्हणाला. बाईसाहेबही म्हणाली. कानसेननं सवयीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. किती मोठ्यानं बोललो याचा त्याला अंदाज नव्हता. शिंपी झोपेतून उठून बाहेर आला. "चार वर्षं येत नाही. ही फुली मी ऐकून मारलेली नाही, अंदाजानं मारलीय. गळती वर आहे, न्हाव्यासमोर. ती हिनं ऐकली. हिनं फुली मारली होती, ती मी पुसली."

गल्ली शांत झाली. निदान कानसेनला तसं वाटलं, पण त्याच्या वाटण्याला काय अर्थ होता. बाईसाहेबनं खिशातून कागद काढला, लिहायला पेन टेकवलं, आणि पुन्हा खिशात ठेवलं. ती कानसेनच्या बायकोकडे वळली आणि हातानंच चला म्हणाली.

वरून पाणी अजून बंद झालं नव्हतं, तेवढ्यात बायकोनं सगळ्यांदेखत सळई पुन्हा लावली. मुकादमाचं तोंड लिंबू पिळल्यासारखं झालं होतं. दोन पावलं पुढे, एक मागे. खडू घेतला, फुली मारली. मग शिष्टाचार म्हणून ती मुकादमाला म्हणाली, "खणा."

चार फुटांवर वाळू ओली लागली, साडेचार फुटांवर चिखल. पाइपला करंगळीएवढी चीर गेली होती, फुलीपासून पाऊण वीत. मुकादमानं मोबाइल खिशात घातला. चिरेवर पट्टा बसवून पाणी सोडायला दहाऐवजी पावणेअकरा वाजले, पण पाचही यंत्रं चालू झाली, आणि सहावी बाई म्हणाली मी दुपारी बसते, मला घाई नाही. हे कानसेनला बायकोनं सांगितलं. त्यानं आधी दोनदा विचारलं होतं, काय म्हणाली ती, काय म्हणाली.

जाताना बाईसाहेबनं शेवटी चिठ्ठी दिलीच. 'काका, सोमवारपासून खिडकी. कानाच्या डॉक्टरची वेळ मी घेतलीय, पुढच्या महिन्यातली. काकूंना विचारा, अवघड जागा असली तर येतील का.' काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "विचार करते. मला गाडी पाठवावी लागेल, आणि पहाटे पाचला मी कुणासाठी उठत नाही." सळई त्यांच्याच हातात होती. कानसेननं ती मागितली नाही. घरापर्यंत त्याचा हात उगीचच अर्धवट मिटलेला राहिला.

रविवारची रात्र त्यानं छताकडे बघत काढली, आणि सोमवारी फाशीला जावं तसा खिडकीवर जाऊन बसला. काच पुसली. भोक पुसलं. दहा वाजता पहिली बाई आली. हातात रिकामी बादली, कपाळावर घाम, तीन दिवस नळ कोरडा. तिनं बादली कठड्यावर आदळली आणि भोकाला तोंड लावून तिनं जे बोलायला सुरुवात केली, ते मागच्या खोलीतल्या कारकुनांनी दार लावून घेण्याइतकं होतं.

कानसेन चमकला. त्यानं कानात बोट घालून हलवलं. 'तीन दिवस,' बाई म्हणत होती. 'धाकट्याला अंघोळ नाही,' बाई म्हणत होती. 'वरच्या गल्लीत गाड्या धुतात आणि आमच्याकडे प्यायला नाही.' एकेक शब्द सुटा सुटा, स्वच्छ. तिच्या मागच्या माणसाचाही आवाज येत होता, त्याच्या मागच्याचाही. सबंध रांग जीव तोडून ओरडत होती. पाणी नसलेलं माणूस हळू बोलत नाही, हे अठ्ठावीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढूनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि बाईला वाटलं आपण जरा जास्तच बोललो. तिनं आवाज खाली आणला. तिचे ओठ नुसतेच हलू लागले.

कानसेन घाईघाईनं भोकाशी वाकला.

"नाही, नाही," तो म्हणाला. "बसा. पहिल्यापासून सांगा, आणि आवाज मघाचाच ठेवा."